न्यू जर्सीत लक्झरी एसयूव्हीचं लीज: ८८४ हप्ता, ६,००० डाऊन, घेऊ का?

परसिपनीचा_पाव्हणा:
मंडळी जरा मदत हवीय. सीआरव्ही दीड लाख मैलांच्या पुढे गेलीय आणि घरात बऱ्याच वर्षांनी "या वेळी जरा बरी गाडी घेऊ" यावर एकमत झालंय. एक जर्मन एसयूव्ही बघितली, मॉडेल मुद्दाम सांगत नाही. विकत नाही, तीन वर्षांचं लीज, म्हणजे हप्ते भरून वापरायची आणि शेवटी परत द्यायची. शनिवारी डीलरकडे गेलो तर चार तास बसवून ठेवलं, पोराने तिथली फुकटची बिस्किटं संपवली आणि शेवटी कागद हातात आला तो असा: स्टिकर (छापील किंमत) ७२,०००, विक्री किंमत ६९,५००, अॅक्विझिशन फी (लीज सुरू करायची बँकेची फी) ९२५, डाऊन (सुरुवातीला रोख) ६,०००, रेसिड्युअल (तीन वर्षांनंतरची आधीच ठरवलेली किंमत) स्टिकरच्या ५८ टक्के म्हणजे ४१,७६०, ३६ महिने, वर्षाला १०,००० मैल, हप्ता ८८४ अधिक टॅक्स. सगळे आकडे डॉलरमध्ये. म्हणतो २,५०० सोडलेत पण आजच्या आज सही केली तरच. मनी फॅक्टर, म्हणजे लीजचा व्याजदर, विचारला तर म्हणे तो बँक ठरवते, आमच्या हातात काही नाही. हप्ता कमी हवा तर डाऊन वाढवा म्हणे. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळतंय, नक्की कुठे ते कळत नाहीये.

मिरचीभजी:
सही केली नाहीत ना, मग काही बिघडलेलं नाही. पहिलं म्हणजे तो ८८४ चा आकडा डोक्यातून काढा. ६,००० भागिले ३६ म्हणजे महिन्याला १६७, म्हणजे तुमचा खरा हप्ता १,०५१ आहे, नुसता ८८४ असल्यासारखा दिसतोय.

आता मनी फॅक्टर. तो सांगत नसला तरी कागदावरूनच निघतो. ६९,५०० अधिक ९२५ वजा ६,००० म्हणजे ६४,४२५. त्यातून रेसिड्युअल ४१,७६० वजा केले की उरतात २२,६६५, हा तीन वर्षांतला घसारा, भागिले ३६ म्हणजे ६२९.५८. हप्ता ८८४.४२ धरला तर उरलेले २५४.८४ हे व्याज, ज्याला ते रेंट चार्ज म्हणतात. हे व्याज ६४,४२५ आणि ४१,७६० यांच्या बेरजेवर लागतं (हो बेरजेवर, मलाही पहिल्यांदा चूक वाटली होती). २५४.८४ भागिले १,०६,१८५ म्हणजे ०.००२४०. याला २४०० ने गुणलं की साधारण वार्षिक दर येतो, ५.७६ टक्के. लीजच्या कागदावर हा दर छापायची कायद्याने सक्ती नाही, रेंट चार्जची एकूण रक्कम मात्र लिहावी लागते, म्हणून उलटं गणित करायचं.

बँक ठरवते हे अर्धंच खरंय. बँक मूळ दर देते, त्यावर डीलर आपला वाटा चढवतो. एडमंड्स या गाड्यांच्या वेबसाइटवर मॉडेल, महिने, मैल आणि झिप कोड देऊन विचारा, त्या महिन्याचा मूळ मनी फॅक्टर आणि रेसिड्युअल कळतो. समजा मूळ ०.००२०० निघाला तर तुमच्यावर ०.०००४० चढवलेत, या गाडीवर तीन वर्षांत ते दीड हजारांच्या आसपास जातं, बोलून बोलून सोडलेल्या २,५०० मधले निम्म्याहून जास्त मागच्या दाराने परत घेतले की!

रेसिड्युअल मात्र बँकेचाच, त्यावर घासाघीस होत नाही. विक्री किंमत आणि मनी फॅक्टर, फक्त या दोनवर बोला. "महिन्याला किती जमेल" असं विचारतील, तर उत्तर देऊच नका. आणि जुनी सीआरव्ही द्यायची असेल तर तो विषय नवी किंमत लेखी मिळाल्यावरच काढा, नाहीतर इकडचं तिकडे करून गोंधळात टाकतात.

डाऊन शून्य. आमच्या शेजाऱ्यांनी ५,००० भरून लीज घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यात २८७ हायवेवर हरिण आडवं आलं, गाडी टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडे. इन्शुरन्स आणि गॅपने (इन्शुरन्सची रक्कम आणि बँकेचं देणं यांतला फरक भरणारं कवच) बँकेचे पैसे फिटले पण यांचे ५,००० गेले ते गेलेच.

काटकसरकाका:
माझं मत विचारलेलं नाही तरी सांगतो. तीन वर्षं पैसे भरायचे आणि शेवटी किल्ली परत, हे भाड्याचं घर झालं. त्याच पैशात तीन वर्षं जुनी हायलँडर घ्या आणि दहा वर्षं चालवा. आमची २०११ ची अजून दिवाळीला अटलांटाला जाऊन येते.

मिरचीभजी:
काका तुमचं बरोबर आहे पण त्यांनी गाडी कोणती घ्यावी हे विचारलेलं नाही, लीज कसं घ्यावं ते विचारलंय :) आणि वॉरंटी संपलेली जर्मन गाडी दहा वर्षं चालवायची तर मेकॅनिकशी सोयरीकच करावी लागेल.

फ्रीमाँटची_माऊ:
मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा डीलरकडे फक्त टेस्ट ड्राइव्हला आणि शेवटी सहीला गेले, मधलं सगळं ईमेलवर. पाच-सहा डीलरांच्या इंटरनेट सेल्स मॅनेजरला एकच मजकूर पाठवा: अमुक ट्रिम (मॉडेलचा प्रकार), अमुक रंग, तुमच्याकडे आत्ता उभी असलेलीच गाडी, विक्री किंमत इन्सेंटिव्ह धरण्याआधीची सांगा, मूळ मनी फॅक्टर हवा, डॉक फी (कागदपत्रांसाठी डीलर घेतो ती) किती आणि न मागता बसवलेल्या अॅक्सेसरीज कोणत्या. दोघं उत्तरच देणार नाहीत, दोघं "कधी येताय" एवढंच विचारतील, उरलेल्या दोघांशी बोलायचं. इन्सेंटिव्ह आधी वेगळे काढायचे कारण कंपनीची सूट हे लोक आपण दिलेली सूट म्हणून खपवतात.

डॉक फी बघा. आमच्याकडे कॅलिफोर्नियात ८५ ची मर्यादा आहे, न्यूयॉर्कात १७५, न्यू जर्सीत मर्यादाच नाही. ती काढत नाहीत, पण तेवढी किंमत कमी करा असं म्हणता येतं.

"आजच्या आज" हे सोडून द्या. बँकेचे आकडे साधारण महिन्याला बदलतात, रविवारी सकाळी नाही. उलट महिन्याअखेरीला त्यांनाच घाई असते.

नागपुरी_इन_फ्रिस्को:
भाऊ तुम्ही नशीबवान आहा, न्यू जर्सीत हप्त्यांच्या बेरजेवर टॅक्स, इथे टेक्सासात लीजवरही पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के, म्हणजे ६९,५०० च्या गाडीवर चार हजारांच्या वर! म्हणून इथे काही बँका टॅक्स क्रेडिट देतात, म्हणजे टॅक्सचा भार स्वतः उचलतात, तेव्हाच लोक घेतात. तुमच्याकडे ६.६२५ टक्के सुरुवातीलाच एकदम लागतो तो रोख भरा नाहीतर हप्त्यात घालतील आणि त्यावरही व्याज. ४५,००० च्या वरच्या गाडीवर ०.४ टक्क्याचा वेगळा सरचार्ज पण आहे तुमच्या राज्यात, तो बघून डीलरवर भडकू नका, तो सरकारचा आहे.

लोनर गाड्या विचारल्या का? सर्व्हिसवाल्यांना फिरायला देतात त्या, तीन-चार हजार मैल झालेल्या. सूट तगडी मिळते, पण झालेल्या मैलांप्रमाणे रेसिड्युअल खाली येतो आणि वॉरंटीचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं, तेव्हा पूर्ण गणित मांडल्याशिवाय हो म्हणू नका. आणि १०,००० मैल पुरतात का ते खरंच तपासा. जास्तीचा मैल महागड्या गाड्यांना पंचवीस-तीस सेंटला पडतो, शेवटी ४,००० मैल जास्त झाले तर हजार-बाराशेचा चेक फाडावा लागतो.

परसिपनीचा_पाव्हणा:
सगळ्यांचे आभार. मी हप्त्याकडे बघत बसलो होतो आणि तीच माझी चूक होती. ऑफिस घरून तीन दिवस असतं त्यामुळे मैल पुरतील. एक शंका, फायनान्सच्या खोलीत काय काय गळ्यात मारतात?

मिरचीभजी:
पेंट प्रोटेक्शन, काचेवर नंबर कोरणं, टायरमध्ये नायट्रोजन, सीटवर फवारा. तीन वर्षांनी परत द्यायच्या गाडीला हे कशाला? गॅप वेगळा विकायला बघतील, तो बहुतेक कंपन्यांच्या लीजमध्ये आधीच असतो, कागदात वाचा. टायर आणि रिमचं पॅकेज तेवढं विचारात घ्या, मोठे रिम आणि आपले मार्च महिन्यातले खड्डे. पण सांगितलेली किंमत देऊ नका.

परसिपनीचा_पाव्हणा:
अपडेट, तीन आठवड्यांनी. सात जणांना ईमेल केले. मूळ मनी फॅक्टर खरंच ०.००२०० निघाला. साठ मैलांवरच्या एकाने ६६,५०० लिहून दिले, ते घरापासून वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या डीलरला दाखवले, त्याने ६६,९०० आणि मूळ दर मान्य केला, चारशेसाठी साठ मैल जायचा कंटाळा आला. डाऊन शून्य, हप्ता ९४३ अधिक टॅक्स. टॅक्सचे सव्वादोन हजार रोख भरले. पहिला डीलर अजून फोन करतोय, आता म्हणे मनी फॅक्टरचं बघता येईल.

बायको म्हणाली आधी ८८४ होता, आता ९४३, मग स्वस्त कसं? कागदावर मांडून दाखवायला अर्धा तास गेला. टायरचं पॅकेज घेतलं, तेवढा मोह आवरला नाही.

मिरचीभजी:
मस्त! जवळजवळ ३,९०० वाचवलेत. टायरवाल्याला किती दिले?

परसिपनीचा_पाव्हणा:
१,१५० म्हणत होता, उठून उभा राहिलो तर ७०० वर आला. हप्त्यात घातले नाहीत, वेगळे दिले.

काटकसरकाका:
५०० ला दिलं असतं त्याने.