उपवासकाळात मोटारसायकल सोडून सायकल: अनुभव लिहा

राखेच्या बुधवारापासून (अ‍ॅश वेन्सडे) ईस्टरपर्यंत, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळात (लेंट), गाडी बंद, असं दरवर्षी कुणी ना कुणी ठरवतं आणि पंधरा दिवसांत किल्ली पुन्हा खिशात येते. खानदेशातल्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या उन्हात हे निभवायला काय लागतं, ते लिहा. प्रवचन नको.

तापीकाठ: सगळीच गाडी सोडू नका. '5 किलोमीटरच्या आतलं काम सायकलने' एवढंच धरा, टिकतं. रविवार मोजत नाहीत म्हणून दिवस 40, कॅलेंडरवर मात्र 46. रोज 10 किलोमीटर आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज 50 धरलं तर 8 लिटर पेट्रोल वाचतं. ते पैसे रोजच्या रोज डब्यात टाका. महिनाअखेरीस हिशेब करू म्हणाल तर डबा रिकामाच.

सराटा: ऊन परवडलं, काटा नको. बांधावरच्या बाभळीच्या काट्या रस्त्यावर येतातच. पंक्चर निघाल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. मोडलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही फर्लांगभर जात नाही. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा. फोडलेली सोल्युशनची नळी या दिवसांत आतल्या आत सुकते, लहानच घ्या. पंक्चर सापडत नाही पण हवा उतरते? जुन्या पद्धतीचा व्हॉल्व असेल तर आधी त्याची रबरी नळी बदला. उन्हाने ती कडक होऊन चिरते.

भुसावळकर: हँडलला जपमाळ टांगू नका. वळताना ती ब्रेकच्या दांडीत नाहीतर पुढच्या चाकाच्या तारांत जाते. नायलॉनचा दोरा तुटत नाही, चाकच अडकतं. खिशात बरी. प्रवाशांचा आश्रयदाता संत ख्रिस्तोफर, त्याचं पदक हँडलखालच्या नळीला दोन प्लॅस्टिक टायने बांधा, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा. खडखडत नाही, रंगही जात नाही. तसं पाहिलं तर सायकलवाल्यांची आश्रयदाती इटलीतली गिसाल्लोची माता, पोप बारावे पायस यांनी 1949 साली ठरवलेली. झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे) मिळालेला झावळीचा क्रूस मात्र घरीच. सायकलवर त्याचा चुरा होतो, आणि पुढच्या वर्षीच्या राखेसाठी तो चर्चला परत द्यायचा असतो.

नवखा: उपवासाच्या दिवशी चालवावी का?

तापीकाठ: कॅथलिकांना कडक उपवास दोनच दिवस: राखेचा बुधवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). वय 18 ते 59. एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडं. पाण्याने उपवास मोडत नाही. घेरी आली तर मात्र 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्या, हट्ट नको. उत्तम शुक्रवारी तीनच्या उपासनेसाठी अडीचला निघू नका. सकाळीच जाऊन तिथे थांबा.

नवखा: आणि सायकल?

सराटा: इमारतीच्या पूर्वेला लावा. तीनला सावली तिकडेच असते. उन्हात तापली की जुने पॅच सुटतात.