फँटसीतली मरणं: कुठली पटतात, कुठली लेखकाने उरकलेली वाटतात?

रानवाट:
(स्पॉयलर भरपूर आहेत. वाचायचं बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.)
माझं मत सरळ आहे. पात्र आपल्या स्वभावापायी मेलं तर ते मरण पटतं, बाकी सगळी लेखकाची मनमानी. १९९६ च्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मधला नेड स्टार्क घ्या. राणी सर्सीची मुलं राजाची नाहीत हे तिचं गुपित कळल्यावर तो राजाकडे जात नाही. आधी तिलाच गाठून सांगतो, मुलांना घेऊन पळून जा. कारण राजाला कळलं तर पोरं जिवंत राहणार नाहीत. नेड तिथेच संपला. पुढे मान उडते ती निव्वळ अंमलबजावणी, आणि तीही त्याच्याच तलवारीने.
याउलट हॅरीचा एकेकाळचा शिक्षक ल्यूपिन आणि त्याची बायको टाँक्स. २००७ च्या शेवटच्या हॅरी पॉटरमध्ये लढाई मध्येच थांबते आणि हॅरीला ग्रेट हॉलमध्ये थेट दोघांची प्रेतंच दिसतात. घरी तान्हं बाळ. शेवटी काय झालं, एक ओळ नाही. हजेरीपटावर काट मारावी तसं.

चहाटळ:
साफ असहमत. लढाईत माणसं स्वभावानुसार मरतात हे कोणी सांगितलं? त्याच लढाईत हॅरीच्या मित्राचा, रॉनचा भाऊ फ्रेड जातो. घराशी फटकून राहिलेला दुसरा भाऊ पर्सी नुकताच परतलाय, चक्क विनोद करतोय, फ्रेड त्याचं कौतुक करतोय आणि तेवढ्यात स्फोट. चेहऱ्यावर हसू तसंच. यात स्वभाव कुठे आला? तुमचा नियम लावला तर प्रत्येक मेलेल्याचं काय चुकलं ते शोधत बसावं लागेल.

रानवाट:
फ्रेडचं चालतं ते पर्सीमुळे. भांडण मिटतं आणि भाऊ जातो. ल्यूपिनला तेवढंही मिळालं नाही.

दुपारची_झोप:
तुम्ही दोघंही मरणाच्या अलीकडचंच बघताय. पलीकडचं बघा की. हॅरीचा गॉडफादर सिरियस मरतो तो प्रसंग तसा किरकोळच आहे. कमानीतून मागे पडतो, पडदा हलतो, झालं. खरा घाव नंतर बसतो. हॅरीला ट्रंकेच्या तळाशी सिरियसने दिलेलं पुडकं सापडतं. आत आरसा. त्यात बघून नाव घेतलं की सिरियसशी बोलता आलं असतं, म्हणजे तो धडधाकट घरी आहे हे कळलं असतं आणि त्याला वाचवायला जादूच्या मंत्रालयात धावायची वेळच आली नसती. पुडकं फोडलेलंच नव्हतं. का, तर आपल्यापायी सिरियस संकटात पडायला नको!

चहाटळ:
अहो, म्हणजे तुम्ही रानवाटच्याच गोटात. काळजी करण्याचा स्वभाव, त्यातूनच घात.

दुपारची_झोप:
स्वभाव हॅरीचा, मेला सिरियस. फरक आहे.

कोकणकडा:
'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला बोरोमिर कसा राहिला? त्यातल्या 'द टू टॉवर्स'च्या पहिल्याच प्रकरणात टॉल्किनने त्याची शेवटची झुंज दाखवलेलीच नाही. त्याचा साथीदार अ‍ॅरागॉर्न पोचतो तेव्हा तो झाडाला टेकलेला, अंगभर बाण, तलवार मुठीपाशी तुटलेली, शिंग दुभंगलेलं. सिनेमात एकेक बाण लागताना दिसतो, लोक तिथे रडतात. मला पुस्तकातलंच जड जातं. कोणी विचारलेलं नसताना तो आपणहून सांगतो, ज्याला सांभाळायचं त्या फ्रोडोकडूनच जादूची अंगठी हिसकावायला गेलो होतो.
बाकी, कर्णाचं नाव अजून कोणी काढलं नाही?

चहाटळ:
काढू नका. दोनशे प्रतिसाद होतील आणि फँटसी राहील बाजूला.

उंबरठा:
मेलेल्यांना परत आणण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतला जॉन स्नो मरून उठतो आणि थोडी कुरकुर करून कामाला लागतो. मग आम्ही रडलो कशाला? पुस्तकात नेडची बायको कॅटलिन परत येते तिला मात्र बोलायचं तर चिरलेला गळा हाताने दाबून धरावा लागतो, आणि सूडापलीकडे तिच्यात काही उरलेलं नाही. ती मेलीच होती हे तेव्हा जास्त कळतं. मालिकावाल्यांनी नेमकी तीच गाळली.

चहाटळ:
हे भारी. पण ल्यूपिनचा मुद्दा मी सोडत नाही. पहिल्या पुस्तकात आईबाप गमावलेलं बाळ, शेवटच्या पुस्तकात पुन्हा तसंच बाळ, आणि या खेपेला हॅरी त्याचा गॉडफादर. ल्यूपिन-टाँक्सच्या त्या बाळासाठी, टेडीसाठी ती दोन मरणं हवीतच.

रानवाट:
म्हणजे टेडीला अनाथ करायचं होतं म्हणून दोघांना मारलं. मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?