४५+ गट, दोघांचीच टीम: शनिवारी टाइम ट्रायल, रविवारी रोड रेस. नियोजन कसं करावं?

उसाचा_रस्ता

जानेवारीतल्या एका वीकेंडला आम्ही दोघं सायकल शर्यतीच्या ४५+ वयोगटात उतरतोय. शनिवारी २० किमी टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) आहे, १० जाऊन १० परत. रविवारी १८ किमीच्या सर्किटच्या ४ फेऱ्या, सकाळी पावणेसातला सुटायचं. दोन्हींची पदकं वेगळी, एकत्रित निकाल नाही.

रविवारच्या फेरीचा शेवटचा दीड किमी चढ आहे. त्यातले पहिले ९०० मीटर साधारण ६ टक्के, नंतरचे ६०० जेमतेम ३ टक्के. शेवटची रेघ चढ संपतो तिथेच.

माझं वजन ७० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) २५५ वॅट, स्प्रिंट बरा. साथीदार ६३ किलो, एफटीपी २४०, चढाला माझ्याहून चांगला, पण स्प्रिंट नावालाच. बाकीच्या टीम चार-पाच जणांच्या असणार.

शनिवारी दोघांनी पूर्ण जोर लावावा का? रविवारी दोन माणसांनी नेमकं काय करायचं? आणि दोघांत मिळून सामान काय न्यावं?

चाकधरू

आधी नियमपत्रिकेत दोन गोष्टी बघा. वय कुठल्या तारखेला मोजतात, आणि ४५+ बरोबर आणखी कुठला गट एकाच घोळक्यात सोडणार आहेत. ३५+ सोबत सोडलं तर पुढे पळणारा आपल्या गटातला आहे की नाही हे बिब नंबरवरून ओळखावं लागतं. नाहीतर दुसऱ्याच गटातल्या ब्रेकमागे, म्हणजे निसटून पुढे गेलेल्यांमागे, पाय जाळून बसाल.

शनिवारी दोघांनीही पूर्ण जोर लावा. ३२-३४ मिनिटांच्या मेहनतीने रविवारचे पाय जात नाहीत. ते जातात नंतरच्या चार तासांत: बक्षीस समारंभासाठी उन्हात ताटकळायचं, जेवण दुपारी तीनला, वर टायर बदलायला गावभर हिंडायचं. एकाने निकाल बघायला थांबा, दुसऱ्याने खोलीवर जाऊन पाय वर करून पडा. आणि थांबायचं ते साथीदाराने, कारण तुमचा स्प्रिंट रविवारी लागणार आहे.

ट्रायलमध्ये पहिली दोन-तीन मिनिटं ठरवलेल्या वॅटपेक्षा ५ टक्के कमी ठेवा. सुरुवातीला सगळं हलकं वाटतं, तिथेच चूक होते. वारा समोरून असलेल्या टप्प्यात ३-५ टक्के जास्त आणि पाठीशी असलेल्या टप्प्यात तेवढंच कमी. वॉर्मअप २५ मिनिटांचा, त्यात मिनिटा-मिनिटाचे तीन जोरदार तुकडे, आणि सुटायच्या आधी आठ-दहा मिनिटं बंद. पंचेचाळिशीनंतर इंजिन तापायला वेळ लागतो, हे भाग कमी करू नका.

तुम्ही एकामागोमाग सुटणार असाल आणि एकाने दुसऱ्याला गाठलं, तर चाक धरायचं नाही, म्हणजे मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमात ओलांडताना बाजूला किमान २ मीटर अंतर लागतं, आणि किलोमीटरभरानंतर मागच्याने २५ मीटर मागे राहायचं. एकाच रंगाच्या जर्सीवर पंचांची नजर आधी जाते.

रविवारचं सूत्र साधं आहे: तुम्ही दोघं काम करायला नाही, दुसऱ्यांना कामाला लावायला आहात. साथीदार पळाला की तुम्ही पाठलाग करणाऱ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या चाकावर बसायचं आणि पुढे येऊन ओढायचं नाही. कोणी कोपराने खूण केली तरी नाही. मात्र मुद्दाम पुढे येऊन वेग पाडणं, वळणावर आडवं जाणं हे ब्लॉकिंग नाही, ती गुंडगिरी आहे. साथीदार पकडला गेला की घोळका दम घ्यायला पाच-दहा सेकंद ढिला पडतो. तुमचा अटॅक त्याच क्षणी आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने.

पहिल्या दोन फेऱ्यांत कोणीही काही करू नका. तिसऱ्या फेरीत चढ संपल्यावर साथीदाराने जायचं. चढावर सगळे तयार असतात. माथ्यावर गिअर बदलायच्या आणि बाटली काढायच्या गडबडीत नसतात.

पाच_न्यूटन

सामानाचं सांगतो. दोघांच्या सायकली जुळतात का ते आज बघा. एक ११ स्पीड, दुसरी १२ स्पीड असेल तर मागचं चाक अदलाबदल करून उपयोग नाही. दातेरी चकत्यांमधलं अंतर वेगळं, साखळी उड्या मारेल. डिस्क ब्रेक असेल तर रोटर (ब्रेकची चकती) १४० मिमी की १६०, आणि दोन हबमध्ये रोटर किती आत-बाहेर बसतो तेही तपासा. एकमेकांची चाकं घरीच लावून बघा. घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून, पुन्हा आवळा, ६ ते ८ न्यूटन मीटर. थ्रू ॲक्सल (चाक फ्रेमला धरणारा आटेदार दांडा) मात्र ज्याचा त्याच्याकडेच ठेवा. आट्यांचा पिच फ्रेमगणिक बदलतो, दुसऱ्याचा ॲक्सल जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचे आटे जातात.

चाक द्यायचं की नाही हे आधी ठरवून ठेवा. ताशी ३६ च्या घोळक्यात एक मिनिट थांबलात तर ६०० मीटर मागे पडलात. एकट्याने ताशी ४० ने पाठलाग केला तरी गाठायला नऊ मिनिटं, आणि मग पाय संपले. म्हणून पंक्चर तुम्हाला झालं आणि साथीदार शेजारीच असेल, तर त्याने चाक द्यावं. पंक्चर त्याला झालं तर तुम्ही थांबू नका.

हवा: ७० किलोला २८ मिमी टायरमध्ये पुढे ६८, मागे ७२ पीएसआय. २५ मिमी असेल तर ८० आणि ८५. साथीदाराने ४-५ कमी. शंभर भरण्याची जुनी सवय सोडा, आपल्याकडच्या रंबलर पट्ट्यांवर चाक उडतं आणि पकड जाते. ट्यूबलेस असेल तर सीलंट कधी भरलं ते आठवा. आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं. २८ मिमीला ३० मिली पुरे.

ट्रायलला क्लिप-ऑन बार (हँडलवर पुढे लावायचे, कोपरं टेकायचे दांडे) लावत असाल तर शनिवारी संध्याकाळीच काढा, घोळक्याच्या शर्यतीत चालत नाहीत. त्यासाठी सीट पुढे-वर केली असेल, तर आधीच्या जागेवर इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करा. अंदाजाने परत बसवलेल्या सीटवर ७२ किमी म्हणजे रविवारी गुडघे बोलतात. गाडीतून नेताना सायकल डिरेल्युअरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूवर आडवी टाकू नका. तो धरणारा हँगर दोन मिमी वाकला की चढावर साखळी मोठ्या दातावरून थेट स्पोकमध्ये.

आणि कारखान्याच्या पट्ट्यात असाल तर शनिवारी दुपारी एक फेरी गाडीने मारा. जानेवारीत गाळप जोरात असतं. ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी पुढच्या चाकाखाली आली की सरळ खाली, वळणावर ट्रॅक्टरचा चिखल असतो तो वेगळा. अशा जागा कितव्या किलोमीटरला लागतात ते टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) चिकटवा.

मीठसाखर

७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, म्हणजे १५ सपाट चहाचे चमचे, पाव चमच्याला थोडं कमी मीठ आणि अर्धं लिंबू. दोन तासांच्या शर्यतीला अशा दोन बाटल्या आणि एखादी जेल, म्हणजे तासाला ६०-७० ग्रॅम कर्बोदकं होतात. चौथ्या फेरीपर्यंत पहिली बाटली भरलेली असेल तर उशीर झालाय. चिक्की घोळक्यात खाऊ नका, दम लागलेला असताना कण घशात जातो.

ट्रायलनंतर पहिल्या तासात किलोमागे १ ग्रॅम कर्बोदकं. तुम्हाला ७० ग्रॅम, म्हणजे साधारण ९० ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात. सोबत २५-३० ग्रॅम प्रथिनं. या वयात यापेक्षा कमी घेऊन भागत नाही. वरणातून तेवढी येत नाहीत, दही, अंडी किंवा पनीर जोडा. शनिवारी रात्री मिसळ नको. कोल्हापुरात असाल तर रविवारी दुपारी खा, कोणी अडवणार नाही.

रविवारी पहाटे पाचला दोन केळी, जॅम लावलेले ब्रेडचे दोन-तीन तुकडे. साबुदाण्याची खिचडी टाळा. तेल आणि दाण्याचं कूट पोटात तसंच बसून राहतं.

दुखतंय म्हणून शनिवारी रात्री आयबुप्रोफेन घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्याचा भार किडनीवर येतो.

आता एक गोष्ट, जी आपल्या वयाच्या गटातच सुचते. बीपीच्या अनेक एकत्रित (दोन औषधं असलेल्या) गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते डाययुरेटिक (लघवी वाढवणारं) आहे आणि वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत शर्यतीत आणि शर्यतीबाहेरही प्रतिबंधित. डोप टेस्ट होऊ शकेल अशी शर्यत असेल तर पाकिटावरची नावं वाचा आणि डॉक्टरांकडून पर्याय किंवा टीयूईची (उपचारासाठीच्या सवलतीची) कागदपत्रं आधीच करून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रीनसुद्धा शर्यतीच्या दिवशी ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की गुन्हाच.

घाटावरचा

चाकधरूंचं बहुतेक पटतं, पण शेवटच्या चढाबद्दल कोणी बोललं नाही आणि शर्यत तिथेच ठरणार आहे.

आकडे मांडा. ७० किलोचा माणूस, ८ किलोची सायकल, ६ टक्के चढ, ताशी १८: साधारण २७५ वॅट लागतात, त्यातले हवेला जेमतेम २४. चाक धरून वाचतात सात-आठ वॅट. म्हणजे तिथे लीड-आउट (पुढे राहून स्प्रिंटरला आडोसा देत नेणं) ही फक्त सोबत आहे. पुढच्या ३ टक्क्यांवर ताशी २८ धरा: ३०० वॅटपैकी ९० हवेला जातात, चाकावर २५-२७ वाचतात. म्हणून साथीदाराची मदत शेवटच्या ६०० मीटरमध्ये हवी, आधी नाही.

मग ९०० मीटरवर काय? त्याने पायथ्याशी अटॅक केला तर दुसऱ्या टीमचे चढणारे त्याच्या मागे जातील, आणि तुम्हाला त्यांच्या वेगाने चढावं लागेल. ते तुम्हालाच महागात. त्याऐवजी त्याने पुढे येऊन एकसारखा वेग धरावा. तुम्ही मागून तीन मिनिटं कसेबसे टिकाल इतका, म्हणजे तुमचे ३००-३१०. अटॅक करायची इच्छा दुसऱ्यांची मरते. चढ हलका झाला की त्याने उरलंसुरलं सगळं ओतायचं आणि रेषेआधी २०० मीटरवर बाजूला व्हायचं. समोरून वारा असेल तर तुम्ही १५० पर्यंत थांबा, पाठून असेल तर २५० वरून निघा. 

चाकधरू

मान्य, पण एका अटीवर. तिसऱ्या फेरीत तो पळाला आणि पकडला गेला, तर त्याच्याकडे हे ९०० मीटर उरतील का? दोन्ही कामं एकाच माणसाकडून होत नाहीत.

उसाचा_रस्ता

हाच प्रश्न विचारणार होतो. दोन्हींतलं एक निवडायचं तर? आणि चालू शर्यतीत हे एकमेकांना कळवायचं कसं? ओरडलं तर सगळ्यांना कळतं.

घाटावरचा

दुसऱ्या फेरीच्या चढावर ठरवा. तिथे तुम्ही पहिल्या दहांत सहज आलात, तर साथीदाराने पळायचं नाही, शेवटच्या चढासाठी राखून ठेवायचं. घोळक्याच्या शेपटीला लटकत आलात, तर स्प्रिंट विसरा. त्याला तिसऱ्या फेरीत सोडा आणि तुम्ही चाकं धरून बसा.

निरोपाला दोनच शब्द पुरेत, तेही रोजचे. साथीदाराने "पाणी आहे?" विचारलं की तुम्ही तुमचे पाय ठीक आहेत का ते सांगायचं. "आहे" म्हणजे थांबायचं, "संपलं" म्हणजे तू जा. खरंच पाणी हवं असेल तर बाटली दाखवा.