मदत हवी आहे: दोन देशांच्या हद्दीत फिरणारा मासा कोणाचा?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावजवळच्या खानापूरचा, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात इथल्या वाचनालयात समुद्री मासेमारीच्या आंतरराष्ट्रीय करारांवर मराठीतून तासभर बोलायचं कबूल करून बसलोय. समुद्र आमच्यापासून घाटाखाली, मासळी तेवढी वर येते. हौस अंगाशी येणार असं दिसतंय.

वाचून कळलं ते असं. १९८२ च्या सागरी कायदा करारानं २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीचा हक्क किनाऱ्यावरच्या देशाला दिला. पण मासा हद्द ओलांडतोच. (सीमाभागातल्या माणसाला हद्दीचं वेगळं सांगायला नको.) त्या कराराचं कलम ६३ म्हणतं, माशांचा एकच साठा दोन देशांच्या पाण्यात असेल तर जपणुकीबाबत एकमत करण्याचा त्यांनी प्रयत्न करावा. नुसता प्रयत्न! नाहीच जमलं तर? कलम २९७ प्रमाणे आपल्या पाण्यातल्या माशांवरचा वाद न्यायाधिकरणापुढे न्यायला देश बांधील नाही. फार तर सलोख्याची समिती बसते, तिचा अहवाल कोणी मानलाच पाहिजे असं नाही. आमच्या म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण आहे, त्याला निदान न्यायाधिकरण मिळालं, २०१८ ला निवाडाही आला. भांडण मिटलं नाही, ते सोडा.

मासळीसाठी देशांनी मिळून आयोग नेमलाय तिथंही गंमतच. हिंदी महासागराच्या ट्यूना आयोगाचं कार्यालय सेशेल्समध्ये. त्याच्या १६ जातींच्या यादीत आपली सुरमई आहे, बांगडा नाही. दोन तृतीयांश मतांनी झालेला ठराव सदस्यांना बंधनकारक, पण १२० दिवसांत हरकत घेतली की तो देश मोकळा.

आता अडलंय ते. शेजारी देशांनी सामायिक मासळीचे वाटे ठरवले आणि ते टिकले, असं उदाहरण हवंय. नॉर्वे-रशिया बॅरेंट्स समुद्रातला कॉड वाटून घेतात ते माहीत आहे, पण तिथं मुख्य मासा एक. आपल्यासारख्या उष्ण समुद्रात एका जाळ्यात दहा जाती येतात, तिथं वाटे कसे पाडतात? असं कुठं झालंय का? मालपे-मालवण ट्रॉलरचा वाद नको, तो दोन राज्यांमधला आहे.

आणि किनाऱ्यावरच्या मंडळींना एक विनंती. ‘सामायिक मत्स्यसाठा’ म्हटलं तर आमच्याकडं निम्मे लोक उठून जातील. आज तुमच्या पाण्यात आणि उद्या दुसऱ्याच्या, अशा मासळीला दर्यावर काय म्हणता?