शेवटच्या महिन्यात पोरांना पिळायचं की सोडायचं?

जुना_सेंटर
परवा शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या एका कोचसाहेबांची पोस्ट फिरत होती: "विभागीय झाली की राज्य स्पर्धेपर्यंत सुट्टी म्हणजे गुन्हा. दोन वेळा सराव. कंटाळा आलेल्याला बेंच. जॉर्डन कधी दमला का?" खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही.

मायकल जॉर्डन अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये 1995-96 ला साखळीतले सगळे 82 सामने खेळला, कबूल. पण त्याच्या दिमतीला फिजिओ होते. आपली पोरं एसटीने जातात, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपतात आणि सकाळी सिमेंटच्या कोर्टवर उतरतात. उदाहरण द्यायचंच तर त्याच लीगमधल्या सॅन अँटोनियो संघाचं द्या. 2013-14 च्या अख्ख्या साखळीत त्यांचा कोच पॉपोविचने एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांपर्यंत जाऊ दिली नाही. तरी 62 सामने जिंकले, फायनलला मायामीला 4-1 ने लोळवलं. उलट गोल्डन स्टेटवाले 2015-16 ला 73 विजयांच्या विक्रमामागे शेवटच्या दिवसापर्यंत धावले आणि फायनलला 3-1 ची आघाडी घालवून बसले.

शेवटच्या महिन्यात सराव छोटा करा. पाऊण तास, सेट प्ले, फ्री थ्रो, घरी. सुसाइड, म्हणजे कोर्टच्या रेषांपर्यंत पळून परत यायच्या त्या दमवणाऱ्या धावा, बंद. सहा महिन्यांत न आलेला स्टॅमिना आता काय येणार?

कोच_काका
पोस्ट माझीच. सोयीचं तेवढंच वाचता वाटतं? गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन पाचव्या सामन्याला निलंबित होता, म्हणून फिरली ती फायनल. आणि 2012 ला पॉपोविचने डंकन, पार्कर, जिनोबिली या आपल्या बिनीच्या खेळाडूंना मायामीच्या सामन्याआधीच घरी पाठवलं, तेव्हा संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, तो गाळलात. माझ्याकडे धड खेळणारी सात पोरं आहेत. विश्रांती कुणाला देऊ, रिंगला?

नडगी_दुखी
@कोच_काका, बारावीला असताना माझी नडगी दुखत होती. आमचे सर म्हणाले, "मनाचं दुखणं आहे, पळ." स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. राज्य स्पर्धा कठड्यावर बसून बघितली. नंतर बॉलला हात लावावासा वाटला नाही. तुमच्या सात जणांतले किती पुढच्या वर्षी येतात, ते मोजा एकदा.

कोच_काका
वाईट झालं. पण एक्स-रे काढायला आईवडिलांना कुणी अडवलं होतं?

जुना_सेंटर
हे बोलणं शोभतं का तुम्हाला?

तीन_नंबरची_आई
खरं सांगू? आमच्याकडे डिसेंबरनंतर पोरं टिकतात ती दहावीच्या क्रीडा गुणांवर. पूर्वपरीक्षा डोक्यावर, क्लासवाले फोन करतात, तरी लेक जाते कारण सर्टिफिकेट हवंय. मोटिव्हेशन वगैरे भरल्या पोटाच्या गोष्टी.

बँकशॉट
हाच रोग! सर्टिफिकेट हातात पडलं की अकरावीला अर्धा संघ गायब. बंद करा ते गुण.

तीन_नंबरची_आई
तुमचं शिक्षण झालं म्हणून बंद करा? सकाळी साडेपाचला रिक्षा करून मी सोडते तिला, तुम्ही नाही. क्लासला लाख रुपये भरणाऱ्याच्या पोराला पुढे जाऊ द्यायचं, आणि घाम गाळणारीने गुणही मागायचे नाहीत?

बँकशॉट
घाम गाळणारीबद्दल तक्रारच नाही हो. संघात नाव घालून बाराव्या खुर्चीवर बसणाऱ्यांबद्दल आहे. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं निघाली, पडताळणी उगाच लागते का? तो धंदा शाळेतूनच सुरू होतो.

तीन_नंबरची_आई
बोगस कोण देतं? पोरं छापतात का घरी? संघटनांना विचारा जाऊन, माझ्यावर काय ओरडता.

जुना_सेंटर
मंडळी, धागा थकव्याचा होता.

नडगी_दुखी
थकलाच आहे आता.

कोच_काका
एक राहिलं. रात्री स्वस्थ बसून वाचलं सगळं. 1997-98 ला जॉर्डनच्याच संघाने त्याचा सहकारी रॉडमनला भर हंगामात सुट्टी देऊन लास वेगासला जाऊ दिलं होतं, हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. माझ्या विरुद्धचा मुद्दाही मीच द्यायचा! असो. रविवारचा सराव रद्द करतो. बुधवारी संध्याकाळी फक्त शूटिंग. पण राज्यला पहिल्या फेरीत हरलो, तर पोरांच्या घरी फोन तुम्ही करायचे, जुने सेंटर.

जुना_सेंटर
करीन. आणि जिंकलात तर श्रेय सुसाइडलाच द्याल, माहीत आहे.

तीन_नंबरची_आई
ते गुणांचे प्रस्ताव शाळाच पाठवते ना? आमचे मुख्याध्यापक म्हणतात, तुम्हीच क्रीडा कार्यालयात जा.

बँकशॉट
शाळेनेच पाठवायचे असतात. मुख्याध्यापकांना सोडू नका.