डीएसटीचं गणित: धक्का सापडत नाही, तळ उशिरा येतो

सौरवारा_०७: मे २०२४ च्या चुंबकीय वादळासाठी बर्टनचं समीकरण चालवतोय, म्हणजे सौरवाऱ्यावरून डीएसटी (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते सांगणारा निर्देशांक) काढतोय. सौरवाऱ्याचा वेग गुणिले दक्षिणमुखी बीझेड (त्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक), आणि क्षयकाळ, म्हणजे वादळ ओसरण्याचा काळ, सरसकट ७.७ तास. सौरवाऱ्याचा धक्का बसला तेव्हा खरा डीएसटी वर उसळला, माझा आलेख हललाच नाही. तळ तासभर उशिरा येतो. ओसरतानाचा उतारही जुळत नाही. ओम्नीचा (सौरवाऱ्याच्या मोजमापांचा संग्रह) १ मिनिटाचा डेटा आहे, एल-१ (पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूचा, मोजणारी यानं असतात तो बिंदू) पासूनचा प्रवास म्हणून ५० मिनिटं पुढे सरकवलाय.

चुंबकसूची: ती ५० मिनिटं काढून टाका. ओम्नीचा हा डेटा धनुष्याघातापाशी (पृथ्वीच्या चुंबकावरणापुढे सौरवारा अडतो ती सीमा) आधीच सरकवून दिलेला असतो, तुम्ही दुसऱ्यांदा सरकवताय. बीझेड जीएसएम चौकटीतलाच (पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरून मोजलेला) घेतलाय ना? जीएसई (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला धरून मोजलेला) घेतलात तर दक्षिणेचा हिशेब चुकतो. आणि ९९९९.९९ म्हणजे रिकामी जागा. ती न गाळता सरासरी काढली की सगळं मुसळ केरात.

वलयप्रवाह: सुरुवातीची उसळी वलय प्रवाहाची (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आयनांचा प्रवाह, यानेच डीएसटी घटतो) नाहीच. सौरवाऱ्याचा दाब वाढून चुंबकावरण दबलं, एवढंच. दाब २ वरून २० नॅनोपास्कलवर गेला तर ७.२६ × √दाब या हिशेबाने साधारण २२ नॅनोटेस्लांची भर पडते. ती खऱ्या डीएसटीतून आधी वजा करा.

क्षयकाळ स्थिर धरू नका. ओब्रायन-मॅकफेरन यांचं सूत्र: २.४० × ई^(९.७४/(४.६९+व्हीबीएस)) तास. व्हीबीएस म्हणजे तुमचाच वेग गुणिले दक्षिणमुखी बीझेड. वेग ५०० किमी/से. आणि बीझेड -२० नॅनोटेस्ला असेल तर व्हीबीएस १० मिलीव्होल्ट प्रति मीटर, क्षयकाळ ४.७ तास. बीझेड उत्तरेला वळला की तोच १९ तास. कारण व्हीबीएसचा जोर असताना आयन पृथ्वीच्या जास्त जवळ ढकलले जातात. तिथे उदासीन हायड्रोजन दाट, त्यामुळे विद्युतभाराची देवाणघेवाण लवकर होऊन ते लवकर संपतात.

पण हे सूत्र -१५० नॅनोटेस्लापर्यंतच्या वादळांवर बेतलंय. मे २०२४ मध्ये डीएसटी -४०० च्या खाली गेला होता, तिथे तंतोतंत जुळण्याची आशा नको. मोठ्या वादळात पहिले काही तास झपाट्याने भरून येतं, मग शेपूट रेंगाळतं. एकच घातांक दोन्हींना पुरत नाही.

सौरवारा_०७: सरकवणं काढलं, तळ जागेवर आला! पडताळ्याला नुसता अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा एच घटक (चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक) चालेल का?

चुंबकसूची: एकट्या केंद्राचा नको. चढत्या वादळात संध्याकाळच्या बाजूला एच जास्त पडतो, म्हणून डीएसटी वेगवेगळ्या रेखांशांवरच्या चार केंद्रांवरून काढतात. १८५९ ला कुलाब्यात नोंदलेली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घटही याच कारणाने थेट डीएसटी म्हणून वापरता येत नाही.