झिलची स्क्रूवाली गाडी: चाळा नव्हे

'स्क्रूवर चालणारी झिलची गाडी म्हणजे निव्वळ चाळा, डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग शून्य' असं कुणीतरी म्हटलंय. (झिल म्हणजे मॉस्कोतला सोव्हिएत ट्रक-कारखाना.) रस्त्याचं म्हणणं खरंय, पण ती रस्त्यासाठी नव्हतीच की! मार्च १९६५ मध्ये व्होस्खोद-२ हे सोव्हिएत अंतराळयान ठरलेली जागा सोडून रशियातल्या पर्मच्या तैगात, म्हणजे घनदाट जंगलात, उतरलं. बेल्याएव आणि लिओनोव या अंतराळवीरांनी खोल बर्फात दोन रात्री काढल्या आणि शेवटी स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत गेले. (अंतराळात चालून आलेला माणूस घरी जायला स्कीवर!) अशा प्रसंगांसाठीच अभियंता ग्राचेव्ह यांच्या झिलमधल्या विभागाकडे अंतराळवीरांना शोधून आणणाऱ्या गाड्यांचं काम होतं.

रस्त्याची अडचण त्यांनी सरळ सोडवली: झिल-४९०६ हा पाण्यातही चालणारा सहाचाकी ट्रक स्क्रूवालीला पाठीवर घेऊन जायचा, चाकं हरली की क्रेनने खाली उतरवायचा. ते दोन स्क्रू म्हणजे आटे असलेले पोकळ ढोल, त्यामुळे दलदलीत गाडी बुडत नाही, तरंगत पुढे सरकते. एकाचा वेग कमी-जास्त केला की वळते. वळवायला वेगळी चाकंच नाहीत. मला तरी यात चाळा दिसत नाही.